रॉबर माझ्याकडे आलाच नाही

रात्रीचा दीड वाजलाय आणि झोप येत नाहीये, कारण काय तर कॅटन या बोर्डगेममध्ये छोटूने रॉबर, म्हणजे बसेल त्या टाइलचं पीक बंद करणारी सोंगटी, माझ्यावर ठेवला नाही. कुणाला सांगायला जावं तर म्हणतील, मग बरंच झालं की. हो, बरंच झालं. तेव्हा मलाही तसंच वाटायला हवं होतं.

कॅटनचा दुसरा डाव होता, शेवट जवळ आलेला, आणि छोटूला सात पडले, म्हणजे रॉबर हलवायची पाळी त्याची. त्याने रॉबर उचलला, माझ्या सहाच्या दगडावर, म्हणजे सहा पडला की मला दगड देणाऱ्या टाइलवर आणला, टेकवणार एवढ्यात हात थांबला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जाऊ दे, हिच्यावर ठेवून काय उपयोग," आणि ताईच्या आठाच्या गव्हावर नेऊन ठेवला. कुणी काही बोललं नाही. दादा आपले पत्ते लावत होता.

एवढंच झालं.

घरी येताना मी हिशोब चारवेळा केला. दहा पॉइंट झाले की डाव संपतो. ताईचे पटावर ८ दिसत होते, माझे ७, म्हणजे दोन सिटींचे चार, एका सेटलमेंटचा, म्हणजे छोट्या वस्तीचा, एक आणि लाँगेस्ट रोडचे, म्हणजे सगळ्यात लांब रस्त्याचे दोन. पुढे असेल त्याला अडवायचं असं धरलं तर छोटूचं काहीच चुकलं नाही. पण माझ्यासमोर दोन डेव्हलपमेंट कार्डं उपडी पडलेली, किती वेळापासून! नाईट, म्हणजे रॉबर हलवायची कार्डं असती तर मी ती केव्हाच खेळले नसते का? २५ कार्डांत ५ व्हिक्टरी पॉइंटची, झाकूनच एकेक पॉइंट देणारी असतात हे छोटूला माहितीये, त्यानेच तर मला शिकवलं. आणि दोन कार्डं झाकून गप्प बसलेल्या माणसाची मला तरी धास्ती वाटली असती. माझी दोन्ही तीच होती, म्हणजे माझे ९ होते. नऊ! हातात दोन गहू, दोन दगड, अजून एक दगड मिळाला असता की तिसरी सिटी आणि डाव संपला असता. दादाकडे मागितला तर त्याने दोन मेंढ्या सांगितल्या, माझ्याकडे एकही नव्हती.

हरल्याचं वाईट नाही वाटत, खरंच नाही. त्या हात थांबण्याचं वाटतंय. या गेममध्ये कुणी मधूनच बाद होत नाही, शेवटचा फासा पडेपर्यंत सगळे पटावर असतात, म्हणूनच तर मला तो आवडतो. पण पटावर असूनही कुणी तुम्हाला मोजत नसेल तर ते काय असतं मग. ऑफिसात परवा तेच... ते आत्ता नको.

जो आता येत नाही, तो यायचा तेव्हा पहिला रॉबर माझ्याच टाइलवर बसायचा, दर डावाला, आणि मी चिडायचे. आता त्याची खुर्ची दादा पत्त्यांचा डबा ठेवायला वापरतो.

मघाशी पाणी प्यायला उठले तेव्हा एकदम आठवलं की आज मला स्वतःला तीनदा सात पडले. दोन फाशांत साताच्याच जोड्या सगळ्यात जास्त, ३६ पैकी ६, त्यामुळे पडणारच. आणि तिन्ही वेळा मी काय केलं, तर रॉबर वाळवंटात नेऊन ठेवला. नियमात बसतं ते. पण तिथे काही पिकत नाही, कुणाची सेटलमेंट लागून नसेल तर पत्ताही ओढता येत नाही, म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही आणि मलाही काही मिळत नाही. तिसऱ्या वेळी दादा म्हणालाही, "अगं, कुणाचा तरी पत्ता उचल ना," आणि मी "असू दे" म्हटलं. मला वाटत होतं मी चांगलं वागतेय. कुणाचा गहू बंद करायचा म्हटलं की माझा हातच होत नाही, दोन वर्षं हेच चाललंय, आणि हे टेबलावर सगळ्यांना माहितीये. मग माझे पत्ते कोण मोजणार? छोटू उगाच नाही तसं म्हणाला. माझी खेळायची रीत त्याला पाठ झालीये, आणि ती मीच पाठ करून दिलीये त्याला. हे लक्षात आल्यापासून जरा हलकं वाटतंय, का ते सांगता येत नाही.

डाव ताईनेच मारला. तिचा रस्ता सहाचा होता, माझाही सहाचा, तिने एक लाकूड आणि एक वीट टाकून सातवा तुकडा लावला आणि लाँगेस्ट रोडचं कार्ड माझ्यासमोरून उचलून नेलं, झाले दहा. रस्त्याला गहू लागतच नाही. छोटूने रॉबर तिथे ठेवून तिचं काहीच अडवलं नव्हतं, आणि माझ्या दगडावर ठेवला असता तरी फरक पडला नसता, कारण मधल्या फेरीत सहा पडलाच नाही. म्हणजे तो कुठेही ठेवला तरी डाव तसाच संपणार होता. हे सगळं कळतं आणि तरी तो हात दिसतो.

आवराआवर करताना मी ती दोन कार्डं उलटी न करता गठ्ठ्यात मधोमध सरकवली. छोटू रस्ते पिशवीत भरत होता, त्याने पाहिलं नाही. ताईने पाहिलं. गठ्ठा हातात घेतला, मधली दोन वर काढली, बघितली, परत आत घातली आणि रबर लावला.

"नऊ होते?" एवढंच विचारलं, हळू आवाजात.

मी मान हलवली. तिने खोका बंद केला आणि कुणाला काही सांगितलं नाही. तिने सांगायला हवं होतं असं मला वाटत होतं की नको होतं, हे काही अजून ठरत नाहीये.