२.३ मीटरच्या पाइपवर ४० मीटर बँड: हेलिकल अँटेनाचं गणित आणि गफलती

हौशी रेडिओच्या ४० मीटर बँडवर, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास, उभ्या अँटेनाला लागणारी पाव तरंगलांबी साधारण साडेदहा मीटर येते. एवढा उभा खांब सोसायटीच्या गच्चीवर कोणी लावू देणार नाही. मग उपाय काय, तर तार सरळ न ठेवता पाइपवर स्प्रिंगसारखी गुंडाळायची. (उपग्रहासाठी लागणारा मोठ्या वेढ्यांचा, टोकाच्या दिशेनं किरण फेकणारा हेलिकल वेगळा. तो इथे नको.)

'अर्ध्या तरंगलांबीएवढी तार गुंडाळा, झाला रिसोनन्स' हा नियम सगळीकडे सांगतात (रिसोनन्स म्हणजे अँटेना आपल्या फ्रिक्वेन्सीला आपोआप जुळणं). तो फक्त सुरुवातीपुरता घ्या. ३२ मिमीच्या पाइपवर २.३ मीटर लांबीत २० मीटर तार गुंडाळली, तर नुसत्या कॉइलचा रिसोनन्स हिशेबाने साडेदहा मेगाहर्ट्झच्या आसपास बसतो. ७.१ पर्यंत खाली आणायला डोक्यावर कॅपॅसिटी हॅट (आडव्या काड्यांचा छत्रीसारखा पसारा) लागते, अंदाजे १६ पिकोफॅरडची. वेढे वाढवूनही रिसोनन्स खाली येतो, पण मी हॅटच्या बाजूने आहे. हॅटमुळे करंट वरपर्यंत टिकतो, आणि विकिरण करंटच करतो.

सामान: ३२ मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप २.६ मीटर, १.५ चौरस मिमीची घरगुती वायरिंगची तार २१.५ मीटर, ३ मिमीच्या ॲल्युमिनियम तारेचे ४० सेंमीचे सहा तुकडे, स्टेनलेसचे नट-बोल्ट. पाइपचा छोटा तुकडा पाण्याच्या ग्लासासोबत मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर फिरवा. तुकडा तापला तर तो पाइप बाद. नुसता ३२ मिमीचा पाइप वाऱ्यात वाकतो, म्हणून आत २५ मिमीचा पाइप टेपचे वेढे देऊन घट्ट बसवा. आत लोखंडी रॉड घालायचा मोह टाळा, कॉइलचा इंडक्टन्स ढासळतो. बांबू चालेल असं वाटतं, पण पावसाळ्यात तो पाणी पितो आणि ट्यूनिंग सरकतं.

खालचे २० सेंमी क्लॅम्पसाठी सोडा. तिथून वर दर १० सेंमीला पेनने खूण करा आणि दोन खुणांमध्ये नेमके ८ वेढे बसवा. अशा २३ खणांत १८४ वेढे होतात. वेढे मोजत बसण्यापेक्षा खण भरत जाणं सोपं. दर चौथ्या-पाचव्या खणावर टेपची पट्टी मारा, नाहीतर हात सुटला की सगळं उलगडतं. हॅट बसवायला वर होज क्लॅम्प वापरू नका. तो कॉइलजवळचा शॉर्ट झालेला वेढाच असतो. आरपार बोल्ट घाला आणि तांबं व ॲल्युमिनियम यांच्या मध्ये स्टेनलेसचा वॉशर ठेवा. किनाऱ्याकडे खाऱ्या हवेत हा जोड आधी सडतो.

आता खरी गोम. या उंचीला, हॅट धरून, विकिरण रोध (रोधाचा जो भाग खरोखर हवेत शक्ती सोडतो) येतो जेमतेम ३ ओहम. तारेतला तोटा दोन-अडीच ओहम. रेडिअल (बुंध्यापासून चहूकडे पसरलेल्या तारा) बऱ्यापैकी असतील तर जमिनीचा तोटा १० ओहम धरा. बेरीज पंधराच्या आसपास, म्हणजे १०० वॉटपैकी विसेक वॉट हवेत जातात. मॅचिंग (अँटेनाचा रोध ५० ओहमच्या कोअॅक्सशी, म्हणजे रेडिओकडून येणाऱ्या केबलशी, जुळवणं) न करता एसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या शक्तीचं माप, १ म्हणजे काहीच परत नाही) सव्वातीनच्या घरात दिसायला हवा. तो आपोआप १ दिसला तर खूश होऊ नका, कारण उरलेले ३५ ओहमही जमीन आणि कोअॅक्सच खात असते. संपूर्ण ७.० ते ७.२ वर सपाट रेघ दिसली तरी तेच. चांगल्या बांधणीत एसडब्ल्यूआर २ च्या आत राहणारा पट्टा १०० किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आणि रेडिअल सुधारले की तो आणखी अरुंद होतो.

रेडिअल जमिनीवर टाकणार असाल तर १० मीटरच्या चार तारांपेक्षा अडीच-तीन मीटरच्या सोळा तारा बऱ्या. आखूड अँटेनाचा तोटा बुंध्याजवळच एकवटलेला असतो.

मॅचिंगसाठी फीडपॉइंटवर (केबल अँटेनाला जोडतो तिथे), केबलची मधली तार आणि रेडिअल यांच्यामध्ये, ०.७ मायक्रोहेन्रीची कॉइल टाका: २५ मिमी व्यास, २५ मिमी लांबी, साडेसहा वेढे. सात वेढे घालून थोडे ताणले-दाबले की जुळतं. आधी ही कॉइल काढून नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) रिसोनन्स बघा. तो कामाच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा थोडा वर हवा, म्हणजे तिथे अँटेना कॅपॅसिटिव्ह राहते आणि कॉइलला काम मिळतं. तो वर न्यायला हॅटच्या काड्या एकदम नाही, सहाही सेंटिमीटरभर कापत जा. हीट श्रिंक किंवा वार्निश लावायचं असेल तर शेवटच्या कापणीआधी, कारण त्यानेही रिसोनन्स खाली येतो. पावसाच्या थेंबांनीही येतो, त्याला इलाज नाही. मॅचिंगच्या कॉइलमुळे अँटेनावर साठणारा स्टॅटिक चार्जही जमिनीत उतरतो. विजेपासून मात्र ती वाचवत नाही, ढग दाटले की कोअॅक्स काढून ठेवा.

केबलच्या बाहेरच्या अंगावरचा करंट अडवणारा चोक म्हणून फीडपॉइंटशीच टाइप ३१ फेराइटच्या मोठ्या टोरॉईडवर (कड्यावर) कोअॅक्सचे १२ वेढे घ्या. चोक पुरेसा आहे का, हे बघायचं तर कोअॅक्स मुठीत धरून हात सरकवा. नॅनोव्हीएनएवरची रेघ हलली तर कोअॅक्स अजून रेडिअलचं काम करतेय.

हॅटच्या टोकांवर १०० वॉटला चांगलाच व्होल्टेज चढतो. लोखंडी कठडा, कपडे वाळवायची तार आणि माणसाचा हात यांपासून किमान मीटरभर लांब ठेवा.