तुम्ही विचारलंत म्हणून: निकालाची पीडीएफ ग्रुपवर का टाकत नाही

आमच्या वकिलांच्या ग्रंथालयात बहुतेक वकील सकाळी साडेदहाला विचारतात, बँड गळ्याला बांधता बांधता. "ग्रंथालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढा की. कोर्टांचे रोजचे निकाल टाका, आम्हाला जिना चढायला नको." नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: लायब्ररीवाल्यांना नवीन काही नकोच असतं. फोन आम्हीही दिवसभर वापरतो हो. अडतं ते पीडीएफपाशी.

२८ मार्च २०१८ चा एशियन रिसर्फेसिंग या प्रकरणातला निकाल आठवा. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, खटल्याला मिळालेली स्थगिती सहा महिन्यांनी संपेल. कारणं देऊन वाढवली असेल तरच टिकेल. अडलेली मॅटर पुन्हा बोर्डावर आणायला याहून सोपं हत्यार कुठलं? अशी पीडीएफ पसरायला ग्रंथालय लागत नाही. मग २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अलाहाबादच्या हायकोर्ट बार असोसिएशनच्या प्रकरणात तो निकाल मोडीत काढला. स्थगिती अशी आपोआप उठत नाही.

आता २०१८ ची ती फाइल उघडा. तारीख खरी, न्यायमूर्तींची नावं खरी, सायटेशन म्हणजे निकाल शोधायचा संदर्भ बरोबर. एक अक्षर चुकीचं सापडणार नाही. तो निकाल आता नजीर म्हणून, म्हणजे दुसऱ्या खटल्यात आधार म्हणून, चालत नाही एवढंच, आणि ते त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. निकालांच्या छापील खंडाचंही तसंच की, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण खंड आमच्या कपाटात असतो. नवा निकाल आला की जुन्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने 'ओव्हररूल्ड, २९-२-२०२४, पाच न्यायमूर्ती' लिहिता येतं आणि पुढे तो खंड उघडणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं. चारशे फोनांत उतरलेल्या फाइलवर पेन्सिल कुठे टेकवायची? व्हॉट्सॲपचा संदेश पाठवल्यावर पंधरा मिनिटं दुरुस्त करता येतो. तेवढ्यात फाइल उतरवून पुढे गेलेली असते, आणि दुरुस्ती त्या प्रतीपर्यंत जात नाही.

म्हणून फाइल पाठवायचीच नाही, लिंक पाठवायची. ग्रंथालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवर निकालागणिक एक पान करा. पक्षकार, तारीख, किती न्यायमूर्ती, मुद्दा आपल्या शब्दांत दोन ओळी, मूळ प्रत कोर्टाच्या साइटवर जिथे आहे तिथली लिंक. सगळ्यात वर 'शेवटचं तपासलं' आणि तारीख. निकाल फिरला की त्याच पानावर लाल पट्टी चढवायची. पत्ता बदलायचा नाही. दोन वर्षांपूर्वीचा फॉरवर्ड उघडणाऱ्यालाही मग पट्टी दिसते. सायटेशन न्यूट्रलच द्या, म्हणजे प्रकाशकाचं नव्हे, कोर्टाने स्वतः दिलेलं. सर्वोच्च न्यायालय २०२३ पासून वर्ष, आयएनएससी आणि क्रमांक असं देतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात बीएचसीपुढे एएस (अपील शाखा), ओएस (मूळ शाखा), एनएजी (नागपूर) अशी शाखाही असते. निकाल छापणाऱ्या मालिकांपैकी एस.सी.सी. घेणारा आणि ए.आय.आर. घेणारा, दोघांना मग तोच निकाल सापडतो.

आणि ग्रुप नकोच, चॅनल. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली निकाल गाडला जातो, आणि कोणीतरी पीडितेचं नाव असलेला आदेश टाकून मोकळा होतो. चॅनलवर फक्त आम्ही लिहितो.

"मग निदान हेडनोटचा, निकालाच्या वर छापलेल्या सारांशाचा, फोटो तरी टाका." हे तर रोजचं. निकालाचा मजकूर छापायला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(क्यू) मोकळीक देतं, कोर्टाची मनाई नसेल तर. हेडनोट मात्र रिपोर्टरच्या, म्हणजे निकाल छापणाऱ्या मालिकेच्या, संपादकाने लिहिलेली असते, आणि ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या २००७ च्या निकालानंतर संपादकाच्या अशा कामावर प्रकाशकाचा हक्क नाही असं म्हणायला जागा उरत नाही. एका वकिलाला, त्याच्याच मॅटरसाठी, एक पान पाठवतो का? पाठवतो. ते आणि चॅनलवर टाकणं यांत फरक आहे असं मी म्हणतो. रेषा नेमकी कुठे, ते छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

चॅनलवर खरोखर काय टाकावं? एका ओळीच्या गोष्टी. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याच्या, सीआरपीसीच्या, जागी बीएनएसएस आला. अटकपूर्व जामीन कलम ४३८ वरून ४८२ वर गेला, आणि जुनं ४८२, म्हणजे एफआयआर रद्द करायचं, ५२८ झालं. आता नुसतं '४८२' शोधलं तर दोन्ही प्रकारचे निकाल एकत्र येतात आणि घाईत भलताच हाती लागतो. म्हणून दर नोंदीत दोन्ही आकडे, कायद्याच्या नावासकट: 'बीएनएसएस ४८२, जुनं सीआरपीसी ४३८'.

कपाटांवर क्यूआर लावा असंही सुचवतात. लावा, पण कोड सरकारी साइटच्या पत्त्याचा छापू नका. साइट बदलली की सगळी स्टिकरं फुकट. आपल्या वेबसाइटवरचा छोटा पत्ता छापा आणि तो पुढे कुठे न्यायचा ते आपल्या हातात ठेवा. फुकटात कोड करून देणाऱ्या काही साइट आपलाच पत्ता मध्ये घालतात आणि मुदत संपली की पैसे मागतात. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीतवर ट्यूबलाइट पडली की फोनला कोड वाचता येत नाही.

समाजमाध्यमं म्हणजे ग्रंथालयाने नवीन पुस्तकांचे फोटो टाकत बसणं, असं पूर्वी मीच म्हणायचो. फोटोंबद्दल अजून तेच म्हणतो. पानांबद्दल मत बदललं, तर आता तारीख छळते. एक पान नीट तपासायला दहा मिनिटं धरली, तर सहाशे पानांना शंभर तास लागतात, आणि देवघेव सांभाळणारा माणूस एकच. 'शेवटचं तपासलं'ची तारीख सहा महिन्यांहून जुनी झालेलं पान काढून टाकायचं, की त्या जुन्या तारखेसकट ठेवायचं? सोमवारी मला काढावंसं वाटतं, शुक्रवारी ठेवावंसं.