फराळाचा माल भरताना

बेळगावच्या वडगाव भागात आमचा महिला संघ आहे. वर्षभर पापड, शेवया, शेंगाचटणी चालते आणि नवरात्र संपलं की दिवाळीचा फराळ. ऑर्डरी शहापूर, टिळकवाडी, अनगोळच्या असतात, काही पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या पोरांच्या आयांच्या. भांडवल संघाच्या बचतीतून उचललेलं, त्यामुळे तेलाच्या एकेका डब्याचा हिशेब बैठकीत सगळ्यांपुढे वाचून दाखवावा लागतो. माल भरायचं काम माझ्याकडे आणि शेजारच्या वैनींकडे आहे.

पूर्वी सगळा माल रविवार पेठेतून यायचा. तिथे चिठ्ठी द्यायची, पोत्यावर टेकायचं, दिवाणजी भाव लावणार, हमाल माल काढणार, हातगाडी दारात. बेसन, पोहे, डाळं आम्ही अजून पेठेतूनच घेतो, कारण ते हातात घेऊन, वास घेऊन घ्यायची वस्तू. पण तेल, तूप, साखर, मैदा, रवा आता हायवेच्या बाजूच्या मोठ्या घाऊक भांडारातून आणतो. तिथे एक नग घेतला तर एक भाव, सहा घेतले तर कमी भाव, आणि पक्कं बिल मिळतं. हिशेब ठेवणाऱ्या संघाला ते बिल फार उपयोगाचं.

या भांडाराचं कार्ड नियमाप्रमाणे दुकानदार, हॉटेलवाले, खानावळवाले आणि आमच्यासारखे संघ यांच्यासाठी आहे. एका कार्डावर दोघांनाच आत सोडायचं असंही लिहिलेलं आहे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मात्र कुणाचं तरी कार्ड मागून आणून अख्खं घर येतं. आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत. दारावरचा वॉचमन अडवायला गेला तर त्याला जे ऐकून घ्यावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या दिवाळीला आम्ही असल्याच एका रविवारी गेलो, कारण मैद्याची ऑफर तेवढीच होती. जाताना बसने. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट हातात. येताना छोटा हत्ती ठरवायचा, हे आमचं नेहमीचं.

पहिली झुंज गाड्याची. पोती वाहायला तिथे लोखंडी सपाट गाडे असतात, ते मोजके. पोती आता जडही झालीत. २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर आणि पिठावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागला, तेव्हापासून बाजारात २६ आणि ३० किलोची पोती दिसायला लागली. असं पोतं साध्या ट्रॉलीत बसत नाही, बसवलं तर चाक वळत नाही. आणि ज्या गाड्यावर आमची पोती यायची, त्या गाड्यावर एका घरातली दोन पोरं बसून होती, आई-बाप दुसरीकडे चिप्सचे बॉक्स निवडत होते. वैनींनी पोरांना गोडीत सांगितलं, "बाळांनो, उतरा की, पाय अडकंल चाकात." पोरं उतरली. आई धावत आली आणि माझी पोरं का उतरवलीत म्हणून आमच्यावरच तापली. त्या पोरांच्या पायांची काळजी खरी होती. भरलेला गाडा उतारावर थांबत नाही, मागून येणाऱ्याला पुढचं दिसत नाही.

आतलं दृश्य बघून मला दरवेळी वाईट वाटतं. काजूच्या पिशवीला नखाने भोक पाडून दोन काजू तोंडात टाकणारे, सुक्या खोबऱ्याचं पाकीट दाबून दाबून फाडणारे, तुपाच्या बरणीचं झाकण फिरवून, आतला कागदी सील अंगठ्याने फोडून वास घेणारे. एक गृहस्थ माझ्यासमोर असाच वास घेऊन बरणी परत फळीवर ठेवायला लागले, तेही मागच्या रांगेत, म्हणजे दिसू नये. आणि स्वतःच्या ट्रॉलीत पुढची, सील असलेली बरणी. मी म्हटलं, "दादा, ती उघडलेली आता कोण घेणार?" ते म्हणाले, "त्यांचं काय जातं, कंपनीचं आहे." असं उघडलेलं पाकीट विकता येत नाही, कारण त्यावर छापलेलं वजन खरं राहिलेलं नसतं. नुकसान डॅमेजच्या खात्यात जातं आणि त्या फळीवर ड्युटी असलेल्या पोराला दिवस संपताना उत्तर द्यावं लागतं. ही पोरं हुक्केरी, बैलहोंगल, खानापूर भागातल्या खेड्यांतून येतात, दिवसभर उभी असतात.

साबणाच्या फळीवर लोण्याचे चार पुडे आणि गोठवलेल्या वाटाण्याची मोठी पिशवी पडलेली होती. कुणीतरी घेतली, पुढे जाऊन नको वाटली, जिथे होते तिथेच सोडली. पिशवीला बाहेरून पाण्याचे थेंब आले होते आणि खाली ठेवलेल्या साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा भिजून मऊ पडला होता. मी ती उचलून फ्रीजरजवळच्या पोराला दिली. त्याने दाबून बघितली आणि फ्रीजरमध्ये न ठेवता बाजूच्या निळ्या क्रेटमध्ये टाकली. उणे १८ अंशांवर ठेवायचा माल, किती वेळ बाहेर होता कुणालाच माहीत नाही, म्हणून तो फेकायचा. पाच किलो वाटाणा. आमच्या भागात कष्टाने पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरात जन्मलेली माणसं ही, अन्न असं टाकवतं कसं?

तेलाच्या गल्लीत तर हलायला जागा नव्हती. एका बिलावर दोनच डबे अशी पाटी. तिथे एक वयस्कर मावशी डबा फिरवून फिरवून बघत होत्या आणि मागची माणसं त्यांना ढकलत होती, "मावशी, घ्यायचं तर घ्या, नाहीतर व्हा बाजूला." त्यांना दोन डब्यांच्या भावातला फरक कळत नव्हता. मी थांबले. एक डबा १५ लिटरचा होता, दुसरा १५ किलोचा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅमच तेल. स्वस्त दिसणारा डबा मग तेवढा स्वस्त राहत नाही. मागच्या माणसाने तेवढ्यात माझ्या टाचेवर ट्रॉली घातली. पण मावशींचा हिशेब पुरा केल्याशिवाय मी तिथून हलले नाही.

आता मुख्य गोष्ट. आम्ही दोघी दोन कार्डं घेऊन गेलो होतो, संघाचं एक आणि वैनींच्या खानावळीचं एक, त्यामुळे चार डबे आमच्या हक्काचे. गाड्यावर डबे खाली, वर मैद्याचं पोतं. रव्याचं पोतं उचलायला एकीला जमेना म्हणून मीही हात लावायला गेले, गाडा पाच-सहा पावलांवर. परत वळतोय तर मैद्याचं पोतं फरशीवर उतरवलेलं आणि चारातले दोन डबे गायब. फळीवरची ऑफर तोवर संपली होती. तिथल्या पोराने तोंडाने काही न बोलता नुसती मान डावीकडे केली.

बिलिंगकडे निघालेले एक साहेब. इस्त्रीचा शर्ट, सोबत बायको आणि नववी-दहावीतला मुलगा. डबे आमचेच होते, एकाच्या झाकणावर मी पेनाने संघाचं नाव लिहिलं होतं. मी शांतपणे म्हटलं, "साहेब, हे डबे आमच्या गाड्यावरचे आहेत."

"बिल झालंय काय तुमचं? नाही ना? मग तुमचे कसे?"

क्षणभर मला शब्दच सुचेना. वैनी पुढे झाल्या. "बिल करायलाच निघालोय की वो आम्ही. वर पोतं होतं, ते तुम्ही खाली ठेवलासा. म्हंजे दुसऱ्याचं हाय हे तुम्हाला ठाऊक होतं की."

ते आवाज चढवायला लागले. मॅनेजरला बोलवा, कॅमेरा बघा, मी कोण आहे माहीत आहे का. माणसं जमली. मी एवढंच म्हटलं, "कॅमेरा बघूया, चला." तेव्हा त्यांच्या बायकोनेच डबे ट्रॉलीतून काढले आणि आमच्यापुढे ठेवले. "घ्या वो ताई," एवढंच बोलल्या. मुलगा दुसरीकडे बघत उभा होता, कान लाल झालेले. त्या पोराचा चेहरा मला डब्यांपेक्षा जास्त लक्षात राहिला.

मी यावर नंतर पुष्कळ विचार केला. हेच साहेब रविवार पेठेत दुसऱ्याच्या पोत्याला हात लावतील का? मुळीच नाही. तिथे गल्ल्यावर बसलेला शेठ त्यांना ओळखतो, त्यांच्या वडिलांनाही ओळखतो, माल त्याच्या नजरेखालून जातो. या भांडारात माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कुणीच नाही. समोरचा गाडा कुणाचा ते माहीत नाही, उद्या तोंड दाखवायचं नाही. शिवाय ऑफर संपेल ही धास्ती. चांगल्या घरातली माणसं तिथे अशी वागतात ती यामुळे, असं माझं मत झालंय. म्हणून गप्प बसण्यापेक्षा तिथल्या तिथे, नरमाईने पण स्पष्ट बोलणं मला जास्त योग्य वाटतं. कुणीतरी बघतंय, कुणीतरी बोलतंय, एवढं कळलं तरी निम्मी माणसं सावरतात.

बिलाची रांग लांबच लांब. काहींनी रिकामी ट्रॉली रांगेत लावून ठेवलेली आणि स्वतः अजून खरेदीतच. ट्रॉली पुढे सरकवायचं काम मागच्याने करायचं. साखरेवर मर्यादा होती म्हणून एकाच घरची माणसं वेगवेगळ्या रांगांत, आणि शेवटी सगळ्यांचा माल एकाच गाडीत. ही साखर चहाची टपरी चालवणाऱ्याला मिळाली असती.

आमच्या पुढच्या माणसाचं कार्ड चालेना. बिलाची मुलगी म्हणाली, "तडीरी अक्का," म्हणजे थांबा ताई, ते आम्हाला, आणि त्याला कन्नडमध्येच काहीतरी समजावत होती. तो उसळला, मराठीत बोल म्हणून काउंटरवर हात आपटायला लागला. पलीकडच्या रांगेतून दुसरा त्याला कन्नडमध्ये दटावायला लागला आणि बघता बघता भाषेवरून आवाज चढले. मुलीचे डोळे भरले. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि घरात मराठी, शाळेत मराठी शिकलेल्या माझ्यासारखीला त्याची आच आहेच. पण तो राग पगारावर राबणाऱ्या एका पोरीवर काढायचा, हे मला कधीच पटणार नाही. वैनी निपाणीच्या, त्यांना दोन्ही भाषा सरसर येतात. त्यांनी मुलीला कन्नडमध्ये विचारलं, त्या माणसाला मराठीत सांगितलं, की कार्डाची मुदत संपलीय, आतल्या टेबलावर लगेच नवं करून मिळतं. दोन मिनिटांचं काम होतं. तो गेला, मुलीने डोळे पुसले आणि आमचं बिल करायला घेतलं. चारही डबे मशीनवर वाजले तेव्हा कुठे माझा जीव खाली बसला.

दारावर बिल तपासून शिक्का मारतात. तिथेही लोक बिल फेकतात, आम्ही काय चोर आहोत काय म्हणतात. आमचं बिल तपासताना त्या माणसालाच दिसलं की रव्याला सहा नगांचा भाव लागलेला नाही. परत जाऊन फरकाचे पैसे मिळाले. ती तपासणी नसती तर ते पैसे संघाच्या खिशातून गेले असते.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. यंदा आमची पद्धत बदलली आहे. तिघी जातो, दोघी आत, एक टेम्पोजवळ. आतल्या दोघींपैकी एकीचा हात गाड्यावरच, पोतं उचलायला तिथल्या पोराला हाक मारायची. यादी घरीच फळ्यांच्या क्रमाने लिहायची, थंड माल शेवटी. नको झालेली वस्तू आपल्याच हाताने जागेवर. आणि रविवार सोडून जायचं. भांडाराच्या मॅनेजरना आम्ही अर्जही दिला, की दिवाळीआधी आठवड्यातली एक सकाळ महिला संघांसाठी ठेवा आणि बिलिंगजवळ परत करायच्या मालासाठी मोठी टोपली ठेवा, मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून. टोपली ठेवली आहे. एक सकाळ ठेवायचं तोंडी कबूल केलंय, मंगळवार म्हणालेत. येळ्ळूर आणि अनगोळच्या संघांनाही कळवलंय. टेम्पोचं भाडं तिघांत वाटून घेऊ.