कॉटनवुड फॉल्सचं कोर्टहाऊस : कॅन्सस सिटीहून एका दिवसात

अमेरिकेत इतकी वर्षं राहूनही ‘काउंटी’ हा शब्द माझ्यासाठी फक्त कराच्या बिलावरचा होता. कॅन्सस राज्यातल्या चेस काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कोर्टहाऊसचा जिना चढताना तो पहिल्यांदा समजला.

कॅन्सस सिटीहून आय-३५ महामार्गाने एम्पोरिया, तिथून यूएस-५०ने पश्चिमेला स्ट्राँग सिटी, मग १७७ नंबरच्या रस्त्यावर दक्षिणेला वळून नदी ओलांडली की कॉटनवुड फॉल्स, चेस काउंटीचं मुख्य गाव. दोन तास धरा. गाडीत पेट्रोल एम्पोरियातच भरा आणि नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्या.

ब्रॉडवे हा गावातला विटांचा रस्ता थेट कोर्टहाऊससमोर जाऊन थांबतो. इमारत १८७३ची, वास्तुविशारद जॉन हॅस्केल. भिंती इथल्याच पांढुरक्या चुनखडीच्या, वर लाल मॅन्सार्ड (दुहेरी उताराचं) छप्पर. आतला गोल वळत जाणारा जिना काळ्या अक्रोडाचा, आणि ते लाकूडही कॉटनवुड नदीकाठचं. कठडा हाताला गुळगुळीत लागतो. तारखेला आलेले लोक दीडशे वर्षं तोच धरून वर गेले आहेत. आजही वापरात असलेलं हे कॅन्ससमधलं सर्वांत जुनं कोर्टहाऊस, म्हणून शक्यतो कामाच्या दिवशी जा. चालू कचेरी पाहण्यातच खरी गंमत आहे. सुनावणी असेल तर न्यायालयाच्या दालनात डोकावण्याआधी खाली विचारून घ्या.

काउंटीचा कारभार तीन निवडून आलेले कमिशनर पाहतात. शेरीफ (पोलीसप्रमुख), क्लार्क (मुख्य दप्तरदार), ट्रेझरर (खजिनदार) हेही मतदानानेच येतात. मला नवल वाटलं ते रजिस्टर ऑफ डीड्सचं. आपल्याकडे दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधक सरकार नेमतं, इथे ती व्यक्ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मतं मागते. आणि हे सगळं किती लोकांसाठी? २०२०च्या जनगणनेत २,५७२. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. क्षेत्रफळ मात्र सुमारे २,००० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतील त्याच्या तिपटीहून जास्त.

एवढ्या जमिनीवर एवढेच लोक का, याचं उत्तर पायाखाली आहे. फ्लिंट हिल्स या इथल्या टेकड्यांच्या चुनखडीत गारगोटीचे थर आहेत आणि माती पातळ, त्यामुळे उंचवट्यांवर नांगर चाललाच नाही. गवत टिकलं, गुरं आली, शेतं झाली नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या प्रेअरीपैकी (गवताळ माळरानांपैकी) ४ टक्क्यांहून कमी उरली आहे, आणि त्यातली बरीचशी या टेकड्यांवर.

ती पाहायला स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह या राखीव माळरानावर जाच. प्रवेश फुकट. २००९मध्ये इथे बायसन (अमेरिकेतले रानगवे) परत आणले. पायवाट त्यांच्याच कुरणातून जाते, तेव्हा निदान १०० यार्ड लांब राहा. सावली जवळजवळ नाही, पाणी भरपूर न्या. उन्हाळ्यात लांब पँट घाला आणि परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते तपासा. एप्रिलमध्ये गेलात तर टेकड्या काळ्या दिसतील. नवं गवत जोमाने यावं म्हणून त्या मुद्दाम जाळतात. गवत पुरुषभर झालेलं पाहायचं तर सप्टेंबर उत्तम.

उन्हं उतरताना गावात परत या. ब्रॉडवेच्या उत्तर टोकाला नदीवर १९१४चा जुना पूल आहे, आता फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. तिथून वळून गावात शिरलात की रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ते लाल छप्पर सरळ समोर येतं. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच रेंगाळलो.