‘डिडन्ट वेन्ट’चा हिशोब: सहा आठवड्यांची वही

रोज रात्री दहा मिनिटं इंग्रजीत बडबडायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि सकाळी वही घेऊन ऐकायचं. या फेरीत एकच चूक धरली होती: भूतकाळातल्या नकारानंतर येणारं क्रियापदाचं रूप.

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये असे नऊ नकार निघाले, त्यातले पाच चुकलेले. ‘आय डिडन्ट वेन्ट’, ‘शी डिडन्ट टोल्ड मी’ वगैरे. लिहायला बसले तर यातलं एकही मी चुकत नाही. ‘डिड आलं की व्ही वन’, म्हणजे क्रियापदाचं पहिलं, मूळ रूप, हे शाळेपासून पाठ आहे, पण जीभ पाठांतराला जुमानत नाही.

का, ते शोधताना आधी मराठीच तपासली. ‘मी गेले नाही.’ यात भूतकाळ आहे तो ‘गेले’मध्ये. ‘नाही’ला त्याचं काही देणंघेणं नाही, ‘ती आत्ता घरी नाही’ यातही तोच ‘नाही’ चालतो. म्हणजे काळाचा भार मुख्य क्रियापदावर. ‘ती गेली नव्हती’, ‘ते गेले नव्हते’ म्हटलं तर दोघंही भार उचलतात, वर लिंग-वचनही दोन्हीकडे. असल्या सवयीच्या जिभेला ‘डिडन्ट’नंतरचं नुसतं ‘गो’ उघडंबोडकं वाटणारच. तिला वाटतं, काळ सांगायचा राहून गेला! इंग्रजीत मात्र काळ एकदाच खर्च होतो. ‘डू’चं ‘डिड’ झालं तिथे तो संपला. ते कळल्यापासून मी ‘व्ही वन’ घोकणं बंद केलं आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायला लागले: काळ कोणी उचलला?

जाता जाता, इंग्रजी कायम अशी नव्हती. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘न्यू हिम नॉट’ अशी रचना भेटते, म्हणजे थेट ‘ओळखलं नाही’चा साचा. नकारातलं हे ‘डू’ साधारण सोळाव्या-सतराव्या शतकात पसरत गेलं. मी चारेकशे वर्षं उशिरा जन्मले, एवढाच माझा गुन्हा.

सरावाला मी जोड्या घेतल्या. आधी होकार, लगेच नकार: ‘आय टोल्ड हर, आय डिडन्ट टेल हर’. ‘डिड’वर मुद्दाम जोर द्यायचा, पुढचं क्रियापद हळू म्हणायचं. पंधराएक दिवसांत फरक दिसला.

आणि तिसऱ्या आठवड्यात सुधारणाच उलटली. ‘डिडन्ट’ रुळलं तसं ‘हॅडन्ट गो’ सुरू झालं! ‘हॅड’ला तिसरं रूप लागतं: हॅडन्ट गॉन, हॅडन्ट सीन. इथे मराठीनेच हात दिला. ‘गेले नव्हते’ म्हटलं की ‘हॅडन्ट गॉन’, ‘जात नव्हते’ म्हटलं की ‘वॉझन्ट गोइंग’. आपला ‘नव्हते’ दोन्हीकडे एकच असल्यामुळे मधूनच माझ्या तोंडून ‘वॉझन्ट गॉन’ निघायचं. आता मी ‘नव्हते’च्या आधीच्या शब्दाकडे बघते. ‘कुडन्ट’मध्ये तर मी क्वचितच अडखळले, आणि त्याचं कारण आवडलं: ‘जाऊ शकले नाही’मध्ये काळ ‘शकले’वर आहे, ‘जाऊ’ कोरंच आहे. अगदी ‘कुडन्ट गो’सारखं.

हिशोबात एक लबाडी सापडली. ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’, ‘शट’ यांची तिन्ही रूपं सारखीच, त्यामुळे ती नेहमी बरोबर येतात आणि गुण फुगतात. मी ती मोजणं सोडलं. ‘रीड’चं उलटं आहे. स्पेलिंग तिन्हीकडे एकच, उच्चार मात्र पुढे ‘रेड’ होतो. ‘डिडन्ट रेड’ ही चूक कागदावर कधी दिसतच नाही, रेकॉर्डिंगमध्येच पकडली जाते. ‘नोटिस्ड’मधला शेवटचा ‘ट’ ऐकायला तर मला तीन-तीनदा मागे जावं लागलं. ‘कम’चं तिसरं रूप परत ‘कम’च असतं, म्हणून ‘हॅडन्ट केम’ही चूकच, हे मला चौथ्या आठवड्यात कळलं, याची जरा लाज वाटते.

चुका कुठे होतात याचा नकाशाही आता बनलाय. ‘डिडन्ट’ आणि क्रियापद चिकटून असले की ठीक. मध्ये ‘इव्हन’ किंवा ‘रिअली’ आलं की जीभ काळ खर्च झाल्याचं विसरते: ‘डिडन्ट इव्हन कॉल्ड’. दोन क्रियापदं असली की आणखी गोंधळ. ‘मी जेवले नाही आणि झोपले’ हे ‘डिडन्ट ईट अँड स्लीप’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं मी जेवलेही नाही आणि झोपलेही नाही. तिथे ‘न जेवता झोपले’ असा विचार करायचा, म्हणजे ‘विदाउट ईटिंग’ आपोआप येतं.

सहाव्या आठवड्याचं शेवटचं रेकॉर्डिंग: अकरा नकार, एक चूक. ‘आय डिडन्ट हॅड टाइम.’ हीच सगळ्यात चिवट. ‘वेळ नव्हता’ यात मुख्य क्रियापदच वेगळं नसतं, त्यामुळे ‘हॅव’ कुठून आणायचं आणि कोणत्या रूपात, हे जिभेला ऐनवेळी सुचत नाही. त्या रात्री मी रागात गोष्ट सांगत होते, हेही वहीत लिहून ठेवलंय.

पुढची फेरी ‘डिडन्ट नीड टू गो’ आणि ‘नीडन्ट हॅव गॉन’ची. दुसऱ्यात माणूस जाऊन आलेला असतो, उगाचच.