न मोजलेलं तोंड

आमच्या घरात माणसं तीन, पण खाणारी तोंडं सोळा. सासूबाईंच्या हिशेबानं पंधराच. सोळावं त्या मोजत नसत.

पिंजऱ्यातली दोन. देशी पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्यानं बंदी, म्हणून हे ऑस्ट्रेलियाकडचे बजरीगर आणले. दुकानदारापासून पाहुण्यांपर्यंत सगळे त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात. लव्ह कसलं! चोचीच्या मुळाशी निळा तो नर, तपकिरी ती मादी. आणि आमची तपकिरी त्या बिचाऱ्या निळ्याला दिवसभर दांडीवरून ढकलत असते. दोघं राळे सोलून फोलपटं उडवतात, त्यातले सांडलेले दाणे टिपायला परसातल्या कोंबड्या थेट पडवीत येतात.

कोंबड्या नऊ, कोंबडा एक. आधी कोणी खायचं, कोणी कोणाला टोचायचं हे त्यांचं पक्कं ठरलेलं. नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बेनं १९२१च्या सुमारास ही टोचण्याची उतरंड लिहून काढली. त्यासाठी तो लहानपणापासून कोंबड्यांकडे बघत बसे. मला नवी सून म्हणून आल्यावर आठवड्यात कळली होती, पण ते असो.

सोळावं तोंड न्हाणीघरातलं. तळहाताएवढी, चपटी, तपकिरी कोळीण. कोळी म्हटलं की जाळं आलंच, असं आपण धरून चालतो. ही जाळं विणतच नाही. भिंतीला चिकटून बसते आणि झुरळ टप्प्यात आलं की झडप. “अंगावरून गेली तर फोड उठतील,” म्हणत सासूबाई केरसुणी घेऊन तिच्या मागे लागायच्या. मी तिची बाजू घेई, ती भूतदयेनं नाही, झुरळांच्या भीतीनं.

एका पावसाळ्यात तिच्या पोटाखाली पेपरमिंटच्या गोळीसारखी पांढरी, चपटी अंड्यांची पिशवी दिसली. ती घेऊनच फिरायची. खाताना काही दिसली नाही. तेव्हाच आमची तांबडी कोंबडी खुडूक बसलेली. २१ दिवसांचं बसणं, दाण्यापाण्यापुरती काय ती उठायची. सासूबाई तिच्यासाठी कण्या घेऊन निघाल्या होत्या, जाताजाता न्हाणीघरात डोकावल्या.

“अगो, ही पण खुडूकच की!”

त्या दिवसापासून केरसुणी दाराआड राहिली.

इकडे सात पिल्लं निघाली, तिकडे भिंतभर तिळाएवढे कोळी. आठवड्यानं तांबडी लेकरांना घेऊन दाण्यांच्या आशेनं पडवीत आली, आणि तिथून न्हाणीत. पिल्लांना खाऊ सापडल्यावर ती घालते ती लाडिक कुटकुट ऐकून मी धावले. तिच्या चोचीतून एक लांब पाय तेवढा बाहेर होता.

सासूबाईंनी केरसुणी उचलली. या वेळी तांबडीवर.

हल्ली न्हाणीघराला दिवसभर बाहेरून कडी असते. आरशामागे नखाएवढा एक चपटा कोळी आहे. “कोंबड्या शिरून घाण करतात,” असं सासूबाई आल्यागेल्याला सांगतात.