हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर काय नसतं

सराफ बाजारातली पेढी असो की कॉलेज रोडचं शोरूम, "सर्टिफाइड आहे ना?" एवढं विचारून गिऱ्हाईक निश्चिंत होतं. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा कागद वजन, रंग, स्वच्छता आणि पैलूंबद्दल बोलतो. हिरा कुठल्या खाणीतला, हे त्यावर सहसा नसतं.

ते विचारलं की काउंटरवरून 'किंबर्ले'चं नाव येतं. युद्धाला पैसा पुरवणारे हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून २००३ पासून चाललेली ही आंतरराष्ट्रीय दाखल्यांची योजना फक्त कच्च्या हिऱ्यांसाठी आहे. दाखला सीलबंद पार्सलबरोबर येतो. सुरतेत पैलू पडले की तुमच्या खड्याशी त्याचा थेट धागा उरत नाही. व्याख्याही तोकडीच: बंडखोरांनी सरकारविरुद्धच्या लढाईसाठी विकलेले हिरे तेवढे वाईट. झिंबाब्वेतल्या मारांगेत २००८ मध्ये सैन्यानेच खाणकऱ्यांना मारलं, तरी २०११ मध्ये तिथल्या निर्यातीला मंजुरी मिळाली. म्हणून खाणीचा देश पावतीवर लिहून मागा आणि पुरवठादाराच्या बिलावरचं, हिरे अशा लढाईतले नसल्याच्या हमीचं वाक्य बघायला मागा. "माहीत नाही" म्हणणारा सराफ गोलगोल बोलणाऱ्यापेक्षा बरा.

मोठा खडा सुटाच घ्या, बसवायचं नंतर. जीआयए जडवलेल्या हिऱ्याची प्रतवारी करत नाही. दहापट भिंगातून हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर शोधा आणि तोच नंबर कागद देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर टाका. इथेच थांबू नका, कारण नंबर दुसऱ्या खड्यावरही कोरता येतो. व्यास आणि वजनही जुळवा: अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर भरतो. आयजीआयच्या नंबरापुढे 'एलजी' दिसलं तर हिरा प्रयोगशाळेत (लॅबमध्ये) बनवलेला. तोही खराच हिरा, खाणीचा प्रश्नच नाही. पण परत विकताना फार कमी हाती येतं, तेव्हा बायबॅकची, म्हणजे दुकानाने परत घेण्याची, अट लेखी घ्या. डायमंड टेस्टरवर विसंबू नका. तो खाणीतल्या आणि लॅबमधल्या दोन्ही हिऱ्यांना सारखाच वाजतो.

खरी गडबड बारीक खड्यांत होते. दोन-तीन सेंटच्या (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) खड्यांना स्वतंत्र कागद नसतो, आणि नैसर्गिक म्हणून घेतलेल्या पुडीत लॅबचे मिसळले तर डोळ्याला कळत नाही. दागिन्याचा एकत्रित रिपोर्ट मागा, त्यावर 'नैसर्गिक' हा शब्द हवाच.

हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक सोन्याचा, हिऱ्याचा नाही. बिलात खडे वगळून सोन्याचं नेट वजन वेगळं हवं. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, एकूण वजनावर सोन्याचा भाव लावला तर खड्यांचे पैसे दोनदा जातात.

घरात आजीच्या हिऱ्याच्या कुड्या असतील तर नवी खाणच नको. मात्र बंद कोंदणातला हिरा समोर बसून काढून घ्या आणि लगेच वजन लिहून घ्या. कोंदणात मागे चकाकीसाठी पातळ पत्रा असतो. तो निघाला की हिरा एकदम फिका दिसतो. अशा वेळी "खडा बदलला" म्हणून भांडण्याआधी वजन पुन्हा करून बघा.